‘रिनन्सिएशन’ मराठीत उतरवताना: त्याग, संन्यास, परित्याग की हक्कसोड?

खानापूर तालुक्यातले एक मामा एकदा सकाळी सकाळीच कागद घेऊन आले. मुलगा उत्तरेकडे एका कारखान्यात कामाला होता, तिथून घरच्या पत्त्यावर हिंदी पत्र आलं होतं. त्यात एकच ओळ कामाची होती: ‘आपका त्यागपत्र स्वीकार किया जाता है.’ गावातल्या कुणा शहाण्याने वाचून सांगितलं, पोरानं त्याग लिहून दिलाय, म्हणजे शेतातला हिस्सा सोडला. मामांना रात्रभर झोप नाही. हिंदीत त्यागपत्र म्हणजे राजीनामा. पोरानं नोकरी सोडली होती, शेत नव्हे. ते ऐकून मामांना फार आनंद झाला असंही नाही, पण निदान ते चहा प्यायला बसले.

बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकच कागद कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतून फिरून येतो. त्यात ‘रिनन्सिएशन’ हा इंग्रजी शब्द, म्हणजे आपल्या मर्जीने जाहीरपणे काही सोडणं, आला की भाषांतर करणारे हमखास घसरतात. शब्दकोश उघडतात, पहिला अर्थ ‘त्याग’ दिसतो, तो चिकटवतात आणि मोकळे होतात. मग शेअरच्या फॉर्मवर त्याग, जमिनीच्या दस्तात त्याग, पासपोर्टच्या अर्जातही त्याग. हा घोळ टाळायचा तर कामाचा क्रम बदलावा लागतो. मराठी शब्द सगळ्यात शेवटी निवडायचा.

तयारी: शब्दकोश उघडण्याआधी

पूर्ण वाक्य हातात घ्या, आणि जमलं तर पूर्ण परिच्छेद. नुसत्या शब्दाचा फोटो पाठवून ‘याला मराठीत काय म्हणतात?’ असं विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही, कारण प्रामाणिक उत्तर नसतंच.

मग बघा, मूळ कागद कोणत्या भाषेतला आहे. आपल्याकडे इंग्रजी मजकूर पुष्कळदा कन्नडवरून आलेला असतो. मूळ कन्नड कागदावर ‘हक्कु बिडुगडे पत्र’ असं असेल तर इंग्रजी वळसा घालायचं कारणच नाही. ते सरळ हक्कसोडपत्र. कन्नडमध्ये ‘खुलासे’ दिसलं तर मात्र सावध राहा. तिथे त्याचा अर्थ सुटका किंवा मोकळीक असा होतो, आपल्यासारखा स्पष्टीकरण असा नाही.

तिसरी गोष्ट, मराठी मजकूर वाचणार कोण? वकील, बँक, देवळाचा ट्रस्ट की घरातली आजी? आजीसाठी ‘परित्याग’ लिहू नका.

पायरी १: इंग्रजी शब्द नेमका ओळखा

क्रियापद ‘रिनाउन्स’, नाम ‘रिनन्सिएशन’. नाम होताना मधला ‘आउ’ गळतो, उच्चारातही आणि स्पेलिंगमध्येही. ‘प्रोनाउन्स’चं ‘प्रोनन्सिएशन’ होतं, अगदी तसंच. ‘रिनाउन्सिएशन’ असा उच्चार सर्रास ऐकू येतो, तो चूक.

अर्थात तीन गोष्टी एकत्र येतात. जे सोडायचं ते आपल्याकडे आहे किंवा त्यावर आपला दावा आहे. सोडणारा आपल्या मर्जीने सोडतो. आणि तो ते बोलून, लिहून किंवा विधीने जाहीर करतो. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मूळ लॅटिन शब्दात ‘निरोप कळवणे’ हाच अर्थ आहे. गुपचूप सोडलं तर ते इंग्रजीत ‘गिव्ह अप’ होईल, ‘रिनाउन्स’ म्हणणं जड वाटेल. शेजाऱ्याने सिगारेट सोडली तर ‘गिव्हन अप’. त्याने चार लोकांत उभं राहून शपथ घेतली असेल तर ‘रिनाउन्स’ शोभेल.

⚠ सावधान: ‘डिनाउन्स’ हा दिसायला जुळा भाऊ, अर्थ मात्र अगदी वेगळा. डिनाउन्स म्हणजे जाहीर निषेध करणे. एखाद्या नेत्याने हिंसाचार ‘डिनाउन्स’ केला म्हणजे त्याने निषेध केला. ‘रिनाउन्स’ केला म्हणजे तो स्वतः त्या वाटेवर होता किंवा ती वाट त्याला खुली होती, आणि आता त्याने ती सोडली. बातमीत एक अक्षर चुकलं तर माणसाच्या अंगावर नसलेला गुन्हा येतो.

जवळचे इतर शब्दही वेगळे ठेवा. ‘अबँडन’ म्हणजे टाकून देणे, वाऱ्यावर सोडणे. ‘वेव्ह’ म्हणजे या वेळेपुरतं माफ करणे, हक्काचा आग्रह न धरणे. ‘सरेंडर’ म्हणजे जमा करणे, स्वाधीन करणे. ‘सॅक्रिफाइस’ म्हणजे कुणासाठी तरी झीज सोसणे. आईनं मुलांसाठी त्याग केला, याचं इंग्रजी करताना ‘रिनन्सिएशन’ लिहिलंत तर आई मुलांना सोडून हिमालयात गेली असं वाटेल.

पायरी २: चार प्रश्न कागदावर लिहा

खरंच लिहा, मनात ठेवू नका.

कोण सोडतंय?
काय सोडतंय: वस्तू, हक्क, पद, जबाबदारी, सवय की संसार?
सुटलेलं कुणाकडे जातं?
नंतर परत मागता येतं का?

निम्म्याहून जास्त चुका तिसऱ्या प्रश्नाशी होतात. मराठी ‘त्याग’ शब्दात घेणारा नसतो. मुनी घर सोडतो, ते कुणाला दिलं हा विषयच नसतो. पण बहीण हिस्सा सोडते तेव्हा तो कुणाच्या तरी पदरात पडतो. तिथे ‘त्याग’ लिहिलंत की घेणारा गायब झाला.

पायरी ३: योग्य खाना निवडा

*जमीन-जुमला.* इथे शब्द ‘हक्क सोडणे’, दस्ताचं नाव हक्कसोडपत्र. इंग्रजीत यासाठी बहुधा ‘रिलिंक्विशमेंट’ किंवा ‘रिलीज’ असतं, पण जुन्या मसुद्यांत ‘रिनाउन्स’ही येतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका भाषांतरात वाक्य होतं: ‘मी वडिलोपार्जित मिळकतीचा स्वखुशीने त्याग करीत आहे.’ ऐकायला भारदस्त. पण कुणाच्या लाभात? किती हिस्सा? मोबदला घेऊन की बिनमोबदला? वाक्य असं हवं: ‘खाली नमूद मिळकतीतील माझा अविभक्त हिस्सा व त्यावरील सर्व हक्क मी माझे बंधू अमुक यांच्या लाभात कायमचे व बिनमोबदला सोडून देत आहे.’ ‘लाभात’ हा एक शब्द विसरू नका, अख्खा दस्त त्याच्यावर उभा आहे.

⚠ सावधान: स्थावर मिळकतीतला १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा हक्क सोडण्याचा दस्त नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदवावाच लागतो. स्टँपपेपरवर सही घेऊन कपाटात ठेवलेला कागद पुरत नाही. आणि वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा हक्क अजून तयारच झालेला नसतो, असते ती फक्त वारस होण्याची शक्यता. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ६ नुसार अशी नुसती शक्यता हस्तांतरित होत नाही. म्हणून ‘मी भविष्यातील हक्काचा त्याग करते’ असं वाक्य समोर आलं तर भाषांतर बाजूला ठेवा आणि पक्षकाराला आधी वकिलाकडे पाठवा.

*शेअर.* कंपनी राइट्स इश्यू आणते तेव्हा जुन्या भागधारकांना नवे शेअर घेण्याचा पहिला हक्क मिळतो. कंपनीच्या नियमावलीत वेगळं काही नसेल तर तो दुसऱ्याच्या नावे सोडण्याची मुभाही कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२ मध्ये आहे. हा हक्क आता डीमॅट खात्यात जमा होतो आणि बाजारात विकताही येतो. मराठीत लिहावं ‘हक्क दुसऱ्याच्या नावे सोडणे’, किंवा विकला असेल तर सरळ ‘राइट्स विकणे’. मुदतीत अर्जही केला नाही आणि हक्क विकलाही नाही, तर तो बुडतो. त्याला ‘रिनाउन्स’ म्हणत नाहीत, ‘लॅप्स’ म्हणतात. सोडणं आणि बुडणं यात पैशाचा फरक आहे, तेव्हा दोन्हींसाठी एकच शब्द वापरू नका.

*नागरिकत्व.* ‘नागरिकत्वाचा परित्याग’ हा शब्द इथे बसतो, आणि ‘परित्याग’ वापरायची ही योग्य जागा. नागरिकत्व कायदा १९५५ मध्ये दोन वेगळी कलमं आहेत. कलम ८ मध्ये माणूस स्वतः घोषणा करतो, ती नोंदली जाते आणि नागरिकत्व संपतं. कलम ९ मध्ये त्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. पहिल्याला परित्याग म्हणा, दुसऱ्याला संपुष्टात येणं. आपल्याकडे गोव्याशी सोयरीक असलेल्या घरांत पोर्तुगीज पासपोर्टचा विषय अधूनमधून निघतो, तिथे या दोन्हींची हटकून गल्लत होते. पासपोर्ट जमा करणं ही तिसरीच गोष्ट, त्याला ‘सरेंडर’ म्हणतात. कलम ८ खाली आईचं किंवा बापाचं नागरिकत्व गेलं की अज्ञान मुलांचंही जातं, आणि सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत घोषणा करून त्यांना ते परत मिळवता येतं. म्हणजे चौथ्या प्रश्नाचं उत्तर आईबापासाठी एक आणि मुलासाठी दुसरं.

*मृत्युपत्र.* मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी नेमलेला माणूस ते काम नाकारतो, त्यालाही इंग्रजीत रिनन्सिएशनच म्हणतात. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम २३० प्रमाणे हे न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा सही करून लेखी करता येतं, आणि एकदा केलं की पुढे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, मागता येत नाही. मराठीत ‘जबाबदारी नाकारणे’ लिहा. ‘त्याग’ लिहिलंत तर भाऊबंदांना वाटेल यानं इस्टेट सोडली, आणि मग फोन तुम्हाला येतील.

*धर्म आणि संसार.* इथे घाई करू नका, खरी श्रीमंती इथेच आहे.

इंग्रजी बातमीत ‘रिनन्सिएशन सेरेमनी’ आलं आणि गाव चिकोडी-निपाणी-अथणीकडचं असलं, तर बहुतेक वेळा तो दिगंबर जैन दीक्षा समारंभ असतो. ‘संन्यास सोहळा’ लिहू नका, श्रावक (जैन गृहस्थ) हसतील. मुनी, आर्यिका (साध्वी), क्षुल्लक (मुनीपदाच्या अलीकडचा साधक) यांची होते ती ‘दीक्षा’. भोज परिसरात १८७२ मध्ये जन्मलेल्या आचार्य शांतिसागर यांच्याबद्दल लिहिताना ‘त्यांनी संन्यास घेतला’ असं वाक्य मी स्वतः एकदा लिहिलं होतं. एका आजोबांनी पेन्सिलीने गोल करून कागद परत पाठवला, शेजारी फक्त ‘दीक्षा’ एवढंच लिहून. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी देह ठेवला ती ‘सल्लेखना’, म्हणजे हळूहळू अन्नपाणी सोडून व्रताने स्वीकारलेला मृत्यू. तिलाही इंग्रजीवरून ‘जीवनाचा त्याग’ म्हणू नये, सल्लेखनाच लिहावी. गंमत म्हणजे जुन्या जैन शिलालेखांत ‘संन्यसन’ हा शब्द सल्लेखनेसाठीच येतो, म्हणजे तिथे नेमकी उलटी खबरदारी घ्यावी लागते.

जैनांच्या घरात ‘त्याग’ शब्दाचे आणखी दोन रंग आहेत. दूध, तूप, मीठ असे रस सोडणे म्हणजे रसत्याग. आणि दशलक्षण या दहा दिवसांच्या जैन पर्वातला ‘उत्तम त्याग’ समजावताना प्रवचनात दानाबद्दलच बोललं जातं. ते इंग्रजीत नेताना नुसतं ‘रिनन्सिएशन’ लिहून भागणार नाही.

लिंगायत परंपरेत ‘विरक्त मठ’ आहेत. विरक्ती, वैराग्य ही मनाची अवस्था. दीक्षा, संन्यास ही कृती. इंग्रजीत दोन्हींवर रिनन्सिएशनचा शिक्का बसतो, मराठीत बसवू नका. माणूस संसारात राहूनही विरक्त असू शकतो, संन्यासी मात्र संसारात राहत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायाची सुरुवातच संन्यास आणि त्याग यांतल्या फरकाच्या प्रश्नाने होते: काम्य (फळाच्या इच्छेने केलेली) कर्मं सोडणं म्हणजे संन्यास, सगळ्या कर्मांचं फळ सोडणं म्हणजे त्याग. इंग्रजी भाषांतरांत दोन्हींसाठी हाच एक शब्द वापरलेला सापडतो, म्हणून गीतेवरचं इंग्रजी प्रवचन मराठीत आणताना मूळ श्लोक शेजारी उघडा ठेवा.

आणि खेड्यातला वारकरी? ‘ही रिनाउन्स्ड मीट अँड लिकर’ याचं खानापूरकडचं मराठी ‘त्यानं माळ घातली’. मात्र हे तेव्हाच, जेव्हा तुळशीची माळ खरोखर गळ्यात पडली असेल. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मटण बंद केलेल्या माणसाला माळकरी करू नका.

*दावा, हिंसा, युद्ध.* इथे फार अडत नाही. ‘दावा सोडणे’, ‘हिंसेचा मार्ग सोडणे’. १९२८ च्या पॅरिस करारात देशांनी राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्ध ‘रिनाउन्स’ केलं, तिथे ‘युद्धाचा मार्ग वर्ज्य ठरवला’ म्हणता येईल. १९३६ मध्ये ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड याने सिंहासन सोडलं, त्याने सही केलेल्या दस्तात हेच क्रियापद आहे. मराठीत ‘राजत्याग’ किंवा ‘गादी सोडली’, दोन्ही चालतील. मला दुसरं आवडतं.

✔ तपासा: निवडलेल्या शब्दाला चारही प्रश्न पुन्हा विचारा. घेणारा असताना शब्दात त्याला जागा नसेल तर शब्द बदला.

पायरी ४: हिंदीच्या सापळ्यातून बाहेर या

हिंदी आणि मराठी यांची लिपी एक, म्हणून शब्द उचलण्याचा मोह होतो. तीन ठिकाणी हात आवरा.

हिंदी ‘त्यागपत्र’ म्हणजे राजीनामा, हे मामांनी शिकवलंच. याच्या उलट, हिंदीत ‘राजीनामा’ आला तर तो बहुधा तडजोडीचा कागद असतो: दोन्ही पक्ष राजी झाले. कोर्टाच्या हिंदी कागदात ‘राजीनामा पेश हुआ’ वाचून कुणी नोकरी सोडली असं लिहू नका. आणि हक्कसोडपत्राला हिंदी राज्यांत ‘हक त्याग’ म्हणतात. तिथे ‘त्याग’च्या आधी ‘हक’ शब्द आहे का, एवढं बघितलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

हिंदी ‘क्रिकेट से संन्यास’ म्हणजे मराठीत निवृत्ती, इंग्रजीत ‘रिटायरमेंट’. पेपरात हल्ली मराठीतही ‘क्रिकेटमधून संन्यास’ छापतात. मला खटकतं. राजकीय संन्यास मात्र मराठीत रुजला आहे, कदाचित तो कुणी मनावर घेत नाही म्हणून.

लेखनात हिंदीत ‘विरक्ति’, मराठीत ‘विरक्ती’. आणि दोन्ही भाषांत ‘संन्यास’, अनुस्वारासह. ‘सन्यास’ चूक, मग तो कितीही फलकांवर दिसो.

पायरी ५: क्रियापद आणि विभक्ती जुळवा

शब्द बरोबर निवडूनही वाक्य इथे मोडतं. त्याग ‘करतात’, संन्यास आणि दीक्षा ‘घेतात’, हक्क ‘सोडतात’, राजीनामा ‘देतात’. ‘संन्यास केला’ मराठी नाही. त्यागाला ‘-चा’ लागतो: संपत्तीचा त्याग. इंग्रजीत उलट जाताना ‘रिनाउन्स’च्या मागे ‘फ्रॉम’ लावू नका. आपल्या ‘-पासून’ची सवय तिथे नडते. क्रियापदाला थेट कर्म लागतं, नामाला ‘ऑफ’.

‘त्याग’ समासात शिरला की अर्थ पार बदलतो, म्हणून जोडशब्द स्वतः बनवू नका. सभात्याग म्हणजे निषेध म्हणून सभागृहाबाहेर जाणं, पाच मिनिटांनी माणूस परत येतो. अन्नत्याग म्हणजे उपोषण. देहत्याग संतांसाठी. आणि एका पत्रकात कुणीतरी ‘स्वच्छता राखण्यासाठी मलिन सवयींचा मलत्याग करा’ असं लिहिलेलं मी डोळ्यांनी वाचलं आहे.

बोलण्यातले वाक्प्रचार इथे फार उपयोगी पडतात, आणि लोक नेमके तेच विसरतात. ‘पैशावर पाणी सोडलं’ म्हणजे मिळणारं होतं ते जाऊ दिलं. यात चुटपुट असते. ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवलं’ म्हणजे सगळं अर्पण करून मोकळा झाला. यात चुटपुट नसते. ‘तिलांजली दिली’ म्हणजे कायमचं सोडलं, बहुधा एखादं तत्त्व किंवा सवय, आणि बऱ्याचदा टीकेच्या सुरात. कथेत, भाषणात, बातमीच्या मथळ्यात हे वापरा. दस्तात चुकूनही नको. ‘मिळकतीवर पाणी सोडत आहे’ असं लिहून नेलंत तर तुमचा मसुदा परत येईल.

पायरी ६: उलटं भाषांतर करून बघा

तयार मराठी वाक्य अशा माणसाला द्या ज्याने इंग्रजी पाहिलेलं नाही, आणि त्याला एकच विचारा: यात कुणाचं काय गेलं आणि ते कुणाला मिळालं? उत्तर मूळ इंग्रजीशी जुळलं तर काम झालं.

मागच्या महिन्यातला एक नमुना सांगतो. इंग्रजी ओळीचा आशय असा होता की, भागधारक आपला हक्क पूर्णपणे किंवा अंशतः दुसऱ्या व्यक्तीच्या लाभात रिनाउन्स करू शकतो. पहिला मसुदा एका मुलाने केला: ‘भागधारक आपल्या हक्काचा संपूर्ण वा आंशिक त्याग करू शकतो.’ तो मी शेजारच्या किराणा दुकानदाराला वाचून दाखवला. तो म्हणाला, “म्हणजे शेअर गेले फुकट.” दुसरा मसुदा: ‘भागधारक आपला हक्क पूर्ण किंवा थोडा दुसऱ्याच्या नावे सोडू शकतो.’ दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारलं, “मग त्याचे पैसे घेता येतात का?” तो प्रश्न बरोबर होता, म्हणजे हक्क कुणाकडे तरी जातो हे त्याला कळलं होतं. तेव्हा तेच वाक्य ठेवलं.